टंबलरच्या काठाखालची सावली



पत्रिकेत विषय छापलाय ‘तंजावरची मराठी कला’. व्यंकोजीराजे तिकडे कसे गेले, सरस्वती महालात काय काय आहे, हे तुम्हाला पाठच असणार, ते सोडतो. सांबाराला नाव कुणावरून पडलं, हेही कृपा करून विचारू नका. (हशा)

मला बोलायचंय पेन्सिलीबद्दल. वस्तू हाताने काढल्याशिवाय, आणि नुसती काढून नव्हे, तिच्यावर छायाप्रकाश चढवल्याशिवाय, तिच्यातून नवी वस्तू सुचत नाही. आपण चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलो तेव्हा वस्तुचित्राचा पेपर वेगळा, संकल्पचित्राचा वेगळा. एकात तांब्या-कांदा काढायचा आणि दुसऱ्यात तो विसरून चौकोनात फुलं-पानं भरायची! याच तांब्याचं, आपल्या साध्या लोट्याचं, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारतावरच्या १९५८च्या अहवालात मनापासून कौतुक केलं. त्यातून १९६१मध्ये अहमदाबादची डिझाइन संस्था उभी राहिली. आपल्या शाळांतला लोटा मात्र अजून गुणांसाठीच बसलाय.

असो, तंजावर. दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती उरला किल्ला आणि तनखा. दुसरा कुणी गंजिफा खेळत बसला असता. यांनी चित्रकारांना कामाला लावलं. झाडं काढवली, पक्षी काढवले, आणि नेत्ररोग्यांचे डोळेही काढवले. रोग्याच्या टिपणासोबत त्याच्या दुखऱ्या डोळ्याचं चित्र!

आता बघा, मोतीबिंदूच्या डोळ्याची बाह्यरेषा निरोगी डोळ्यासारखीच असते. पापणी तीच, बुबुळाचं वर्तुळ तेच. दुखणं असतं बाहुलीतल्या पांढुरक्या झाकेत. नुसत्या रेषेत काढला तर रोगी ठणठणीत ठरून घरी जाईल. (हशा)

पहिल्या रांगेतल्या बाई मान हलवताहेत. कबूल, तंजावर म्हणजे फणसाच्या फळीवरची सोन्याच्या वर्खाची चित्रं. ती थोरच आहेत, मी काही त्यांच्याविरुद्ध नाही. पण तिथल्याच, मुची म्हणवणाऱ्या चित्रकारांनी कंपनीच्या साहेबांसाठी कागदावर नाना धंद्यांची माणसं काढली, आपापल्या हत्यारांसकट, आणि त्यात युरोपीय धाटणीचा छायाप्रकाश आणला. मला ते जवळचे वाटतात.

आता हातातली वस्तूच घेऊ: हा डवरा, म्हणजे रुंद तोंडाची वाटी, आणि हा टंबलर, दोन्ही पितळी. तंजावरला कॉफी यातच मिळते. टंबलरचा काठ बाहेर वळलेला दिसतो ना? मला वाटायचं, शोभेसाठी. छायांकन करायला बसलो तर काठावर झळाळी आणि त्याच्या लगेच खाली एक काळी पट्टी. ती पट्टी गडद करता करता ध्यानात आलं की बोटं तिथेच टेकतात! अंग चटके देणारं, म्हणून धरायचं ते काठाला. मग ओतायचं, उंचावरून, डवऱ्यात आणि परत. कॉफी निवते, फेस येतो. डवऱ्याचं तोंड रुंद का, तर उंचावरून आलेली धार चुकू नये म्हणून. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ती काळी पट्टी उचलली आणि खानावळीसाठी सुपाचा वाडगा केला. त्याला कान नाही, दांडा नाही, नुसता वळलेला काठ. मग मी तिला म्हटलं—

चिठ्ठी आली. दोन मिनिटं. घ्या! तंजावरच्या थाळ्या राहिल्या; पितळेवर तांबं, चांदी, उठावाचं काम, सगळं राहिलं.

मागून कुणीतरी विचारलं, मोबाइलने फोटो काढला तर? काढा की. फोटोत काठाखालचा काळोख आयता येतो. किती गडद करू, कुठे थांबवू, हे तो तुम्हाला विचारत नाही. पेन्सिल विचारते.

प्रात्यक्षिक दाखवणार होतो, पण इथे चारी भिंतींवर ट्यूबलाइट, डवऱ्याला धड सावलीच पडत नाही. सचिवसाहेब, उजवीकडचे दिवे घालवता येतील? नाही? बरं, आभारप्रदर्शन मोठं आहे म्हणतात. मी ४बीच्या पेन्सिली आणल्यात. थांबणार असाल तर नंतर जिन्याजवळ या, तिथे दिवा एकाच बाजूला आहे.