चित्रकलेचा तास



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत चित्रकलेवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर झाले. तेव्हा कलेचा इतिहास आम्ही सांगणार नाही. सहावी ते आठवीच्या मुलांचा चित्रकलेचा तास, एवढाच आमचा विषय.

आम्ही सातवीत असताना मास्तरांनी टेबलावर तांब्या ठेवला. आम्ही त्याचे तोंड चांगले वाटोळे काढले. मास्तर म्हणाले, "तोंड वाटोळं आहे हे तुला ठाऊक आहे, म्हणून वाटोळं काढलंस. बसल्या जागेवरून दिसतं तसं काढ." पाहतो तो तोंड लांबट! मागे उभ्या असलेल्या मुलाला तेच अधिक उघडे दिसत होते. तांब्या एकच, पण जागा बदलली की आकार बदलतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

याचा उपयोग पुढे कसा झाला ते सांगतो. लातूरकडच्या एका डाळमिलमध्ये एका कामगाराचा हात पट्ट्यात गेला. त्याच्याच हलगर्जीपणामुळे अपघात झाला, असे मालकाच्या कागदात होते. आमच्या बाजूचे सगळे तावातावाने बोलत. पण जाळी कुठे नव्हती, माणूस कुठे उभा होता, हे कुणालाच नीट सांगता येईना. शेवटी शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिलेल्या एका हमालाने यंत्राचे चित्र काढले. पट्टा, चाक, उभे राहण्याची जागा, सारे मापात. चौकशीत पानभर निवेदनापेक्षा ते चित्र अधिक बोलले. नुकसानभरपाई मिळाली, हात मात्र गेला तो गेलाच.

आता शाळांत काय चालते? कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांतले विषय. रचना चांगली आहे. परंतु दहावीला वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर मुले दोन-तीन नक्ष्या घोकून जातात. स्मरणचित्रसुद्धा पाठ करतात! लातूर पॅटर्नचा आम्हांला अभिमान आहे, खेड्यातली पोरे त्याने डॉक्टर झाली. पण गणिताचा जादा तास हवा झाला की पहिली कुऱ्हाड चित्रकलेच्या तासावरच पडते, हे नांदेडलाही खरे आणि लातूरलाही.

आणि मास्तरांचे काय? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पटावर 100 हून अधिक मुले असतील तर, कलाशिक्षणाला निदेशक द्यावा असे आहे; पण तो अंशकालीन. गणिताचा शिक्षक पूर्णवेळ आणि कलेचा अर्धवेळ, ही वाटणी कुणी केली? गिरणीतला बदली कामगार आम्ही पाहिला आहे. उद्या काम आहे की नाही हे ठाऊक नसलेला माणूस आजच्या कामात जीव ओतील कसा? पोट भरण्यासाठी त्याला दुसरा धंदा करावाच लागतो. जे मास्तर तरीही मन लावून शिकवतात, त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो. पण हात जोडल्याने पगार होत नाही.

साहित्य महाग आहे, ही सबब आम्हांला पटत नाही. खडू, कोळसा, पाठकोरे कागद पुरतात. औशाजवळ खरोशाला जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. देगलूर तालुक्यात होट्टलला चालुक्यांच्या काळची देवळे आहेत. सहलीची गाडी अजिंठ्याला जाते, जावी; पण या दोन ठिकाणी वर्गाला तासभर खांबासमोर बसवून एक खांब काढायला लावणारे शिक्षक किती?

जूनमध्ये शाळा उघडतील. पालकसभेला आपण जाल, तेव्हा मुलांचे वेळापत्रक मागून घ्या. चित्रकलेचा तास कोणत्या वारी आहे, तो घेतो कोण, आणि त्याला महिन्याला मिळते काय, हे तीन प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा. उत्तरे आमच्या कचेरीत आणून दिलीत, तर पुढचे अर्जविनंतीचे काम आम्ही करू.