बुद्धीची तालीम

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे, की ती खरी आहे का, हे विचारायचेही कोणाला सुचत नाही. चष्मा कपाळावर आणि शोध साऱ्या घरभर, असे आजोबा दिसले की आपण हसतो आणि ही म्हण त्यांच्या माथी मारतो. चष्मा काय, पंचविशीतला मुलगाही विसरतो. फरक एवढाच, की त्याच्या विसरण्याला कोणी वयाचे नाव देत नाही.

आज मी बोलणार आहे ते आजारी माणसांविषयी नव्हे. ज्यांचे वय झाले आहे पण प्रकृती ठीक आहे, अशा धडधाकट वडीलधाऱ्यांविषयी मला बोलायचे आहे. या मंडळींना शेवटपर्यंत आपले आपण राहता यावे, यासाठी बुद्धीला काही व्यायाम देता येतो का? आणि येत असेल, तर तो कोणता?

वय वाढले म्हणजे बुद्धी एकदम पाठ फिरवते, असे होत नाही. तिचे सगळे अवयव, म्हणा ना, एका चालीने थकत नाहीत. झटपट पाहणे, झटपट ठरवणे, एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवणे, ही चपळाई हळूहळू कमी होते. नावे चटकन आठवत नाहीत. पण शब्दांचा साठा, व्यवहाराची जाण, माणसांची पारख ही शिदोरी साठी-सत्तरीतही शाबूत असते. कित्येकांची तर वाढलेली असते. म्हणजे आपल्या म्हणीत तथ्य आहे ते फार तर चार आणे.

आता ‘आपले आपण राहणे’ म्हणजे नेमके काय? १९६९ साली अमेरिकेत लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी यासाठी आठ कामांची एक यादी केली. फोन करणे, बाजारहाट, स्वयंपाक, घराची आवराआवर, कपडे धुणे, बाहेर प्रवास करणे, औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचा व्यवहार पाहणे. ही आठ कामे ज्याला जमतात, तो माणूस स्वतंत्र. गंमत अशी, की पुरुषांना गुण देताना त्यांतली स्वयंपाक, आवराआवर आणि धुणे ही तीन कामे वगळत असत. पुरुष ती कामे करीतच नाहीत, मग उगाच कशाला त्यांचे गुण कापा, असा हिशेब! या हिशेबाकडे मी पुन्हा येणार आहे.

बुद्धीच्या व्यायामाचा मोठा प्रयोगही अमेरिकेतच झाला. १९९८ च्या सुमारास पासष्टीपुढच्या सुमारे २८०० निरोगी माणसांचे चार गट केले. एका गटाला स्मरणशक्तीच्या युक्त्या शिकवल्या. दुसऱ्याला अक्षरांच्या मालिकेत पुढे काय येईल, हे ओळखण्यासारखी तर्काची कोडी दिली. तिसऱ्याला संगणकाच्या पडद्यावर क्षणभर चमकून जाणारी चित्रे ओळखायला लावली. चौथ्या गटाला काहीच शिकवले नाही. शिकवणी म्हणजे तरी किती? पाच-सहा आठवड्यांत तासा-सव्वा तासाचे दहा धडे. पुढे काही जणांची उजळणी घेतली.

निकाल मोठे बोलके आहेत. ज्याला जे शिकवले, त्यात तो सुधारला. तर्क शिकलेले तर्कात सुधारले, चपळाई शिकलेले चपळाईत. आणि या दोन गटांना त्याचा लाभ दहा वर्षांनीही दिसत होता. स्मरणाच्या गटाचा लाभ तोवर ओसरला होता. पण कोडी सोडवणाऱ्याची स्मरणशक्ती वाढली, असे काही घडले नाही. दहा वर्षांनंतर, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आणखी एक गोष्ट आढळते. रोजच्या कामांत आपण पूर्वीइतकेच सक्षम आहोत किंवा त्याहून बरे आहोत, असे सांगणारे लोक शिकवलेल्या गटांत शंभरात सुमारे साठ होते, न शिकवलेल्यांत सुमारे पन्नास. दहा धड्यांच्या मानाने हा फरक लहान नव्हे. मात्र तो लोकांनी स्वतः सांगितलेला आहे. प्रत्यक्ष कामे समोर करायला लावून परीक्षा घेतली, तेव्हा गटागटांत तसा फरक दिसला नाही. शास्त्र हे असे दोन्ही बाजू मांडते. जाहिरात एकच मांडते. मेंदूच्या खेळांनी म्हातारपणची विस्मृती टळते, अशी जाहिरात करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीला २०१६ साली वीस लाख डॉलर भरून सरकारशी प्रकरण मिटवावे लागले, कारण त्या दाव्याला पुरेसा आधार नव्हता.

हे सारे कोल्हापूरकराला नव्याने सांगायला नको. पेठापेठांतून तालमी असलेल्या या गावात मेहनतीचा नियम पोराटोरांना ठाऊक आहे. हजार बैठका मारणाऱ्या गड्याच्या मांड्या भरतात, पण म्हणून त्याला रंकाळ्यात पोहता येईलच असे नाही. पट काढण्याचा सराव केला तर पट चांगला निघतो. ढाक बसायला ढाकेचाच सराव लागतो. आणि मेहनत सोडली, की अंग सुटते. बुद्धीचेही तसेच आहे. शब्दकोडे रोज सोडवलेत तर शब्दकोडी छान सुटतील. सोडवा की! पण बँकेची पावती भरायला, गोळ्यांचा हिशेब ठेवायला, केएमटीची योग्य बस पकडायला त्याने आपोआप बळ येईल, या भरवशावर राहू नका. जे काम हातात राहायला हवे, सराव त्याच कामाचा हवा.

याला जोडून दुसरा एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतच डेनिस पार्क या बाईंनी तो केला आणि २०१४ साली प्रसिद्ध केला. साठ ते नव्वद वयाच्या २२१ माणसांपैकी काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, छायाचित्रण शिकवले; काहींना कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवायला शिकवले; काहींना दोन्ही. बाकीच्यांपैकी काही जण नुसतेच जमून गप्पागोष्टी, सहली करीत होते, काही घरी बसून ओळखीचीच सोपी कामे करीत होते. स्मरणशक्ती अधिक सुधारली ती नवे आणि अवघड शिकणाऱ्यांची. गप्पा वाईट नव्हेत. एकटेपणा बुद्धीला मारक आहे, हे आता पुष्कळ अभ्यासांतून पुढे आले आहे. पण नुसत्या गप्पांत बुद्धीला घाम फुटत नाही.

दोन्ही प्रयोगांचे सार एकत्र करा. सराव खऱ्या कामाचा हवा, आणि ते काम आपल्याला नवे, थोडे अवघड असावे. असे काम शोधायला लांब जायची गरज नाही. ते आपल्या घरातच पडून आहे. फक्त ते दुसऱ्याच्या वाट्याचे म्हणून आपण त्याला हात लावलेला नाही.

आमच्या शिवाजी पेठेतले कोणतेही जुने घर घ्या. मुलगा पुण्याला, मुलगी मुंबईला. घरात सत्तरीचे दोघे नवरा-बायको. चाळीस-पन्नास वर्षे बँक, वीजबिल, घरफाळा आजोबांकडे. चूल, डबे, दुखण्याखुपण्याची औषधे आजींकडे. संसार गोडीने चालला. पण एक दिवस दोघांतले एक जाते, आणि मागे राहिलेल्याचा अर्धा संसार एकाएकी बंद पडतो. आजींना पासबुकात काय आहे ते वाचता येत नाही, हयातीचा दाखला कधी आणि कुठे द्यायचा ठाऊक नसते. आजोबांना स्वतःपुरता भात लावता येत नाही. लोक म्हणतात, “धक्क्यानं खचले बघा.” धक्का असतोच. पण त्यांची बुद्धी नाठी झालेली नसते. त्या कामांची तालीम तिला कधी मिळालीच नव्हती, एवढेच. त्या यादीतून पुरुषांची तीन कामे वगळणाऱ्यांनी केला तोच हिशेब आपण घरोघर करतो, आणि त्याची किंमत मागे राहणारा मोजतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. साठी ओलांडलेल्या जोडप्याने आठवड्यातले दोन दिवस कामांची अदलाबदल करावी. त्या दिवशी पैसे काढायची पावती आजींनी भरावी. आजोबांनी शेजारी उभे राहावे, पण बोट लावू नये. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हा धडा त्यांनी आजींना शिकवावा. त्याच दिवशी कपिलतीर्थाच्या मंडईतून भाजी आजोबांनी आणावी, आणि आमटी त्यांनीच करावी. मीठ जास्त पडेल. पडू दे! पुढल्या खेपेला बेताचे पडेल. शिकणे म्हणजे तेच. एकट्याने राहणाऱ्यांनी शेजारच्याशी असा व्यवहार करावा. गल्लीतल्या ज्येष्ठांच्या बैठकीत एक दिवस गप्पांऐवजी वीजबिल वाचण्याला द्यावा.

आता तरुणांना दोन शब्द. आपल्याकडे मायेची रीत अशी, की वडील उठले की आपण म्हणतो, “आबा, तुम्ही बसा, मी आणतो.” आईने फोन हातात घेतला की, “दे इकडं, तुला न्हाई जमायचं.” पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात घाई आहे, परिणाम एकच. एकेक काम हातातून सुटते, आणि सुटलेले काम त्या वयात सहसा परत येत नाही. आई चुकेल, वेळ लावेल. तेवढा वेळ द्या. जे काम खरोखर धोक्याचे आहे, तेच काढून घ्या.

बुद्धीची तालीम शरीराला सोडून होत नाही, हेही ध्यानात असू द्या. फिनलंडमध्ये १२६० माणसांवर दोन वर्षे केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर देखरेख हे सारे एकत्र दिले, तेव्हा लाभ दिसला. तेव्हा रंकाळ्याची फेरी चुकवू नका, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावायला लाजू नका. ज्याला ऐकूच येत नाही, त्याला विसरला म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही. आणि रोजच्या वाटेवर घर सापडेनासे झाले, तोच प्रश्न तासात चारदा येऊ लागला, नेहमीचा हिशेब एकाएकी चुकू लागला, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. तो तालमीचा नव्हे, दवाखान्याचा प्रश्न आहे.

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. लहानपणीचे शिक्षण उतारवयात बुद्धीच्या पाठीशी उभे राहते, असे आजचे शास्त्र सांगते. ती शिदोरी राज्याने दिली. साठीनंतरची शाळा मात्र कोणी सक्तीची करणार नाही. ती आपली आपण, आपल्याच स्वयंपाकघरात आणि बँकेच्या खिडकीपाशी भरवायची आहे. उद्याची चहाची पाळी कोणाची, एवढे आज रात्री ठरवा.