पाठदुखी आणि आपण



नरकचतुर्दशीचे अभ्यंग आपण परप्रांतातही जपले. परंतु वर्षभर आखडलेल्या पाठीला एका पहाटेचे तेल पुरत नाही. गावी पाठ चोळून देणारे हात घरातच असत; येथे कित्येक वृद्ध दांपत्ये एकटी राहतात. त्यांच्यासाठी आम्ही एक साधा उपाय सुचवितो.

स्नायूंवरील पातळ वेष्टनास शास्त्रात प्रावरणी म्हणतात. तिच्यासह स्नायू सैल करण्याच्या पद्धतीस ‘मायोफॅशियल रिलीज’ असे नाव आहे. भिंत व पाठ यांमध्ये टेनिसचा चेंडू धरावा आणि कणा टाळून दुखऱ्या जागी अर्धा-एक मिनिट सोसवेल इतकाच दाब द्यावा. हा आराम तात्पुरता असतो. त्याला नित्य व्यायामाची जोड हवी. हाडे ठिसूळ असल्यास, बधिरता वा सूज असल्यास प्रथम डॉक्टरांना दाखवावे. दुखणे अंगावर काढण्यात पुरुषार्थ नाही.