आकडा कोण लावी?

मंडळी, मटका म्हणजे मातीचे मडके. आपण त्यात पाणी भरतो. मुंबईत मात्र त्या नावाचा जुगार निघाला. आणि त्याचे मूळ कापसात आहे, बरे का!

न्यूयॉर्कच्या बाजारात रोज कापसाचा भाव फुटे. बाजार उघडताना एक, बंद होताना एक. ते आकडे तारेने मुंबईला येत. लोक त्यांवर पैसे लावीत. १९६१ साली आकडे येणे थांबले. मग चिठ्ठ्यांवर आकडे लिहून मडक्यातून काढू लागले. पुढे मडके जाऊन पत्ते आले. नाव तेच राहिले.

गिरणगावात हा खेळ फार चाले. गिरणी कामगार काय मूर्ख होते? मुळीच नाही! कोकणातून, घाटावरून तरुण गडी एकटा मुंबईस येई. बायकामुले गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण राहत, खाणावळीत जेवत. त्यांत कोणी बदली कामगार असे. त्याने सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर काम, नाही तर परत. उद्याची मजुरी ज्याला ठाऊक नाही, तो शिल्लक कशी टाकणार? तेवढ्यात गावाहून पत्र येई. बहिणीचे लग्न ठरले. जमीन गहाण आहे, ती सोडव. एवढी रक्कम एकदम आणावी कोठून? बँक त्याला उभे करीत नसे. पठाण कर्ज देई, पण व्याज भारी. मटक्याला मात्र चार आणेही चालत.

पैसेवालाही जुगार खेळतो. तो घोड्यांवर लावतो. पण तो हरला तरी त्याच्या घरची चूल विझत नाही.

आता हिशेब पाहू. शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहा जणांनी वेगवेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला. एकाचा आकडा लागला. त्याला नऊ रुपये मिळाले. मग दहावा रुपया कोठे गेला? धंदेवाल्याच्या खिशात. असे शंभर रात्री खेळले, तर त्या दहा जणांचे शंभर रुपये गेले. नशीब कोणाचेही उघडो, रुपया रोज जातोच.

त्याच चाळीत भिशीही चाले. दहा जण महिन्याला दहा-दहा रुपये काढीत. शंभराची रक्कम पाळीपाळीने प्रत्येकाला मिळे. तिथे दहावा रुपया बाहेर जात नसे. पण बदली कामगाराला भिशीत कोण घेणार? त्याचा हप्ता चुकला तर? आम्हांला वाटते, खरी अडचण इथेच होती.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. जुगार फोनवर आला. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मटका तर आधीपासूनच बेकायदा आहे.

आता गावोगाव बचत गट आहेत. तुमच्या गावातही असेल. ज्याला रोज काम मिळत नाही, त्याच्या घरचे कोणी त्यात आहे काय? नसेल, तर त्यांचा हप्ता कसा धरावा? पुढच्या बैठकीला हे आपण बोलू.