एसी लोकल आली, साधी कुठे गेली?



आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलगी, सून, बहीण दिव्याला, नालासोपाऱ्याला, बदलापूरला राहते. गणपतीला चाकरमानी विजयदुर्गात आले की पडवीत लोकलच्या गप्पा निघतातच. हल्ली त्यात एक वाद ठरलेला असतो: एसी लोकल बरी की आपली साधी बरी?

पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर धावली. तिची बाजू घेणाऱ्या पोरींचं म्हणणं खोटं नाही. घाम नाही, धूळ नाही, आणि दार बंद होतं. दाराची गोष्ट लहान नव्हे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवू, असं रेल्वेने जाहीर केलं. गावात फोनची वाट बघत बसणाऱ्या आईला त्या दाराचं मोल कळतं.

मग साधी गाडी कोणाला हवी? जिचा पगार हातातोंडाशी पुरतो तिला. ५ मे २०२२ पासून एसीचं एकेरी तिकीट जवळपास निम्मं झालं. पण रोज कामाला जाणारी बाई तिकिटावर नाही, पासावर जाते, आणि तेव्हा पासाचे दर काही उतरले नाहीत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवा, बदलापूरचे प्रवासी रुळांवर, फलाटांवर उतरले. लांबून बघणाऱ्याला वाटलं, यांना एसी नको. भांडण वेगळंच होतं. साध्या गाडीची वेळ काढून ती एसीला दिली होती. साधा पास असलेल्याने आपलीच गाडी डोळ्यांसमोरून जाताना बघायची आणि मागच्या गाडीत दुप्पट गर्दीत घुसायचं! शेवटी मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. आमच्या गटातल्या एकीची मुलगी तेव्हा म्हणाली होती, "एसी इली, पण माझी गाडी गेली गो!" माझ्या मते सगळा वाद त्या एका वाक्यात आहे. नवी गाडी जादा म्हणून आली असती, तर कोण कशाला भांडलं असतं?

आणखी एक. साध्या लोकलला सामानाचा डबा असतो, मासळीची टोपली घेऊन बाया त्यातून जातात. एसीत टोपली कुठे ठेवणार? आपल्या बंदरावरच्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याला एसटीची सवय. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, लालपरी असो की एसी गाडी. लोकलमध्ये बायांना वेगळा डबा मिळतो, अर्धं तिकीट नाही. नव्याने मुंबईला गेलेल्या मुलीला हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

म्हणून एक काम. मुलीच्या मुंबईतल्या नोकरीसाठी गटाकडे कर्ज मागताना खोलीचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचा किराणा आपण लिहितो, पास राहून जातो. यापुढे अर्जात तोही लिहायचा. कुठलं स्टेशन, पास साधा की एसीचा, पहिल्या पगारापर्यंत किती महिन्यांचा. आकडा अंदाजाने टाकू नका, तिथे राहणाऱ्या आपल्याच एखाद्या मुलीला फोन करा. संध्याकाळचा करू नका मात्र, तेव्हा ती गाडीत उभी असते.