‘लोक’ म्हणजे नेमके कोण?



श्रीगणेशाला वंदन करून आजच्या विषयाकडे वळू या. विषय आहे लोकानुनयाचे राजकारण, म्हणजेच पॉप्युलिझम. आपल्या मध्य प्रदेशात २०२३ मध्ये ‘लाडली बहना’ आली, पुढच्या वर्षी महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ आली. दोन्हीकडच्या नातेवाइकांत फोनवर चर्चा झाली, की हा निव्वळ लोकानुनय! अभ्यासक मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा करतात. खात्यात पैसे जमा होणे ही कल्याणकारी योजना असेल किंवा निवडणुकीचा हिशेबही असेल. पण तेवढ्याने पॉप्युलिझम होत नाही.

मग कशाने होतो? डच अभ्यासक कास मुडे यांनी २००४ मध्ये त्याची थोडक्यात ओळख सांगितली : एका बाजूला निर्मळ जनता, दुसऱ्या बाजूला भ्रष्ट मूठभर, अशी समाजाची सरळ वाटणी करणारा विचार. अर्जेंटिनाचे एर्नेस्तो लाक्लाऊ म्हणत, ‘जनता’ आयती नसतेच. कोणाची नोकरी अडलेली, कोणाचे घर. या अडलेल्या मागण्या एका नावाखाली, एका विरोधकासमोर एकत्र येतात, तेव्हा ‘जनता’ घडते. अमेरिकेतील कर्क हॉकिन्स यांनी तर शिक्षक निबंध तपासतात तशी नेत्यांची भाषणे तपासून घेतली आणि त्यांना गुण दिले.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, मुंबई मिळाली; पण त्या मुंबईत मराठी भाषक निम्म्याहून कमी होते आणि कचेऱ्यांतल्या चांगल्या जागांवर मराठी नावे कमी दिसत. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. मेरी कॅट्झेनस्टाइन, दीपंकर गुप्ता यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले. लाक्लाऊ यांच्या नजरेने पाहिले तर अडलेल्या मागण्यांतून ‘मराठी माणूस’ ही जनता उभी राहिली. तक्रार पोकळ नव्हती. मात्र समोर उभा केलेला विरोधक बहुतेकदा सत्ताधीश नव्हता. तो नोकरीसाठी आलेला दाक्षिणात्य कारकून होता.

इथे आपला संबंध येतो. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदेशाहीबरोबर माळव्यात आले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाल मंदिराची पुनर्बांधणी केली. पुढे दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी कित्येक कुटुंबे इथेच राहिली. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात माळवी-हिंदी. मुंबईच्या त्या याद्या वाचताना कोणाला अभिमान वाटला असेल. पण तीच फूटपट्टी उद्या उज्जैनमध्ये कोणी लावली, तर आपली नावे कोणत्या यादीत येतील? दादरच्या कचेरीतला तो दाक्षिणात्य कारकून आणि फ्रीगंजच्या कचेरीतला मराठी कारकून यांत फरक काय?

जर्मन विचारवंत यान-वेर्नर म्युलर यांचा इशारा म्हणून मोलाचा वाटतो. नेता लोकप्रिय असणे, वरच्यांवर टीका करणे यात वावगे काही नाही. ‘खरी जनता म्हणजे आम्हीच’ असे तो म्हणू लागला, की धोका सुरू होतो. कारण मग न पटणारा माणूस विरोधक राहत नाही, तो परका ठरतो.

तेव्हा भाषण कोणत्याही पक्षाचे असो, तीन गोष्टी तपासाव्यात. तक्रार खरी आहे का? दोष ज्याच्या माथी मारला तो खरोखर दोषी आहे का? आणि ‘लोक’ म्हणताना कोणाला गाळले आहे? पहिल्या प्रश्नाकडे पाठ फिरवणारे सुशिक्षितही तितकेच जबाबदार आहेत. न ऐकलेली तक्रार कोणीतरी ऐकणारच.

लोकमान्यांनी १८९३ पासून ज्या उत्सवाचा पुरस्कार केला, त्याच्या नावात ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे. सार्वजनिक म्हणजे सर्व जनांचा. नानाखेड्यातल्या आपल्या आरतीला शेजारची माळवी, सिंधी, गुजराती कुटुंबे येतात, त्यांना आपण प्रसाद देतो, आडनाव विचारत नाही. ‘लोक’ या शब्दाचा इतका मोठा अर्थ आपल्या घरचाच आहे. तो जपू या.

गणपती बाप्पा मोरया!