आपलाच गवई परका का वाटतो?

(नभोवाणीवरील भाषण)

बडोद्याच्या मराठी माणसाला गाण्याविषयी बोलावयास सांगितले, म्हणजे तो फिरून फिरून सूरसागर तळ्याच्या काठी येतो. १८८६ साली सयाजीरावमहाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेची परंपरा तेथे नांदते, आणि फैयाजखाँसाहेबांचे नाव घेतल्यावाचून आमचे बोलणे पुढे सरकत नाही. मीही त्याच वाटेने जाणार आहे. मात्र आजचा विषय त्या शाळेत कोणी शिकविलेला नाही.

विषय असा. ज्या पुरुषांचे मन पुरुषावरच जडते, ज्यांना आपण समलिंगी म्हणतो, त्यांच्यापैकी एखादा पॉप गायक जगापुढे उभा राहून ‘मी असा आहे’ असे मोकळेपणाने सांगतो. त्याला प्रथम कोणी डोक्यावर घ्यावे? त्याच्यासारख्याच श्रोत्यांनी, असे आपण म्हणू. पुष्कळदा घडते ते उलटे. नाक मुरडणाऱ्यांत तेच पुढे असतात. बाहेरचे टाळ्या वाजवितात आणि घरचे उठून जातात.

‘उठून जातात’ हा अलंकार नव्हे. माझा एक शाळूसोबती दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात राहतो. बँकेतून निवृत्त झालेला, अविवाहित. लग्न का केले नाही, हे त्याने मला तरुणपणीच सांगितले. घरच्यांना अजून सांगितलेले नाही. पुढचा प्रसंग मी त्याच्या अनुमतीनेच सांगत आहे. २०१८ साली ‘सा रे ग म प’च्या स्पर्धेत मुंबईचे सुशांत दिवगीकर ‘राणी कोहिनूर’ या नावाने, स्त्रीवेषात उतरले होते. चार वर्षांपूर्वी, २०१४ साली, ‘मिस्टर गे इंडिया’ हा किताब त्यांनी मिळविला होता. पुढे त्यांनी स्वतःची ओळख पारलिंगी म्हणून करून दिली. पुरुषाचा आणि स्त्रीचा, असे दोन्ही आवाज लावण्याचे त्यांचे कसब तेव्हा घरोघर पाहिले गेले. माझ्या मित्राकडेही आई, भाऊ, भावजय, पुतणी असे सारे संचापुढे बसले होते.

“सगळ्यांनी वाहवा केली,” मित्र सांगत होता, “आणि मी पाणी आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. अरे, सगळे गाणाऱ्याकडे पाहत होते आणि मी आईच्या तोंडाकडे!”

“पण गाणे कसे झाले?” मी विचारले.

“ऐकलेच कोठे मी?”

आता हा काही गाण्याचा वैरी नव्हे. शोभा गुर्टू यांची ठुमरी लागली, की हातातला चहा निवून जातो. ‘उमराव जान’मधील आशाबाईंच्या गाण्यांची कॅसेट त्याने इतकी वाजविली, की तिची फीत अखेर यंत्रातच गुंतून राहिली. प्रत्येक गाणे स्त्रीचे, प्रत्येकात कोणाची तरी वाट पाहणे. या आवडीत आणि त्या स्वयंपाकघरात जाण्यात काही नाते आहे, असे मला हळूहळू वाटू लागले.

ठुमरी बोलते ती बहुधा नायिकेच्या तोंडाने. फैयाजखाँसाहेबांचे छायाचित्र आपण पाहिले असेल: भारदस्त देह, मिशा, फेटा, छातीवर पदके. हा दरबारी पुरुष ठुमरी-दादरा गाऊ लागला, की त्याच्या मुखातून रुसलेली, जागरणाने शिणलेली नायिका बोलत असे, आणि समोरच्या बडोदेकरांना त्यात काही वावगे वाटत नसे. वाटावे तरी का? ज्ञानेश्वरांनी विरहिणी रचल्या, एकनाथ-तुकोबांनी गौळणी रचल्या. पुरुषांनीच रचलेल्या लावण्या फडावर स्त्रीच्या तोंडून गाजल्या. बालगंधर्वांच्या भामिनीला आणि सिंधूला पाहून घरंदाज बायकांनी आपली नेसण सुधारून घेतली. येथे नटाच्या किंवा गवयाच्या खाजगी जीवनाविषयी मी काहीही सुचवीत नाही. मुद्दा ऐकणाऱ्याचा आहे. पुरुषाची ओढ लागलेली स्त्री गाण्यात बोलू लागली, की ज्याला स्वतःच्या तोंडाने तसे बोलता येत नाही असा पुरुषही तिच्या मागे बिनबोभाट जाऊन बसतो. मैफलीत कोणी कोणाला विचारीत नाही, की बाबा, तू ‘हाय’ म्हणालास तो कोणाच्या आठवणीने?

त्यात आपल्या भाषेचे व्याकरण असे, की लपावयास जागा ठेवीत नाही. ‘तू आला नाहीस’ म्हटले की पुरुष, ‘तू आली नाहीस’ म्हटले की स्त्री. ‘मी थांबलो’ आणि ‘मी थांबले’ यांत बोलणारा उघडा पडतो. इंग्रजी गाण्यातला ‘यू’ किती सोयीचा! तो कोणीही असू शकतो. उर्दू गझलेने तर निराळीच युक्ती केली. तेथे प्रिय व्यक्तीला पुल्लिंगी क्रियापद लावण्याचा रिवाजच पडला, त्यामुळे बोलणाऱ्याच्या मनात कोण आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक. ती गझल मराठीत आणणारे माधव जूलियन जन्माने आमच्या बडोद्याचे, १८९४ सालचे. त्यांनी फारसी वृत्ते आणली, ‘गज्जलांजलि’ दिली. परंतु प्रियाला पुल्लिंगी संबोधण्याचा तो रिवाज काही मराठीच्या मातीत रुजला नाही. तेव्हा मराठी पुरुषाला पुरुषाविषयी गावयाचे, तर एक तर स्त्रीचा आवाज घ्यावा, नाही तर पहिल्याच क्रियापदाला सारे सांगून टाकावे. मधली जागा नाही.

मधल्या जागेचे महत्त्व काय असते, हे पाहावयास फार दूर जावयास नको. बडोद्याहून मुंबईस जाताना वाटेत बलसाड लागते, ज्याला आता वलसाड म्हणतात. ‘बलसारा’ हे आडनाव तेथले. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. ‘क्वीन’ या मंडळीच्या त्या गायकाने आपल्या आवडीनिवडीविषयी वर्तमानपत्रांशी सरळ बोलणे आयुष्यभर टाळले. १९८४ साली एका गाण्याच्या चित्रफितीत तो बायकी घागरा नेसून, मिशा तशाच ठेवून, घर झाडताना दिसला. ही थट्टा होती, की कबुली होती? ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. आपणांस एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. त्याच्यावर जीव टाकणारे समलिंगी श्रोते थोडे नव्हते. तो काही बोलला नाही, म्हणूनच त्याच्या गाण्यात त्यांना आपापले बोलणे ठेवता आले, असे मला वाटते. जो सारे सांगून टाकतो, तो ही मोकळी जागा भरून टाकतो. मग श्रोत्यापुढे प्रश्न उभा राहतो: ‘हा असा आहे, तू?’ गाणे ऐकावयास बसलेल्या माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे होते.

दुसरे कारण याहून कडू आहे. शाळेत ज्याला ‘बायल्या’ म्हणून चिडविले, त्याने पुढे चालणे बदलले, आवाज बदलला, हातवारे आवरले. बाहेर पडताना आरशासमोर उभे राहून तो स्वतःवर पहारा ठेवतो. इतक्या कष्टाने जे झाकले, तेच कोणी दिव्यांच्या झगमगाटात, चमचमत्या कपड्यांत मिरवीत असेल, तर त्याला पाहून आनंद होण्याऐवजी राग येतो. त्या रागाचे शब्दही उसने असतात. चिडविणाऱ्या पोरांकडून घेतलेले. अमेरिकेत १९७३ साली जोब्रायथ नावाचा गायक ‘मी असा आहे’ असे डंका पिटून पुढे आला. त्याच्या तबकडीची केवढी जाहिरात झाली! न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याचे भले मोठे चित्र लागले. पण दुसरी तबकडीही पडली आणि माणूस विस्मृतीत गेला. १९८३ साली तो वारला. त्या दशकात तेथील समलिंगी पुरुषांत मिशा, चौकड्यांचे सदरे आणि मर्दानी ऐट यांचे प्रस्थ वाढत होते. ‘आम्ही नाजूक नव्हेत’ हे जगाला दाखविण्याच्या त्या घाईत या नाजूक माणसाला कोण जवळ करणार?

मात्र माझ्या सिद्धान्ताला छेद देणारे उदाहरणही दिले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोचा सिल्व्हेस्टर हा कृष्णवर्णी गायक उघडपणे समलिंगी होता, भरजरी बायकी वेष करीत असे, आणि १९७८ साली त्याच्या गाण्यांवर त्याचेच लोक बेभान होऊन नाचले. हे कसे? एक तर ती गाणी नृत्यगृहातली; तेथे आई नसते, शेजारी नसतात, आणि अंधार असतो. शिवाय तो गात असे चर्चमधील भजनांच्या वळणाने, पुरुषाच्या उंच, पातळ केलेल्या आवाजात. दांडिया बाजारातल्या माझ्या मित्राला तो आवाज ऐकविला, तर ओळखीचा वाटेल.

आणखी एक ओझे असते. शेकडो गायकांत उघडपणे बोलणारा एकच असला, की त्याच्यावर सर्वांचे मुखत्यारपत्र येऊन पडते. २००९ साली ॲडम लॅम्बर्ट या अमेरिकन गायकाने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ‘आऊट’ या समलिंगी वाचकांच्याच मासिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतले, आणि त्याच अंकात संपादकांनी त्याला जाहीर पत्र लिहून खडसाविले: तुझे व्यवस्थापक तुला जास्त ‘तसा’ दिसू देत नाहीत, हे तू कसे चालवून घेतोस? गायकाचे म्हणणे, की मी गाणारा आहे, चळवळीचा पुढारी नव्हे. म्हणजे पाहा, काहींना तो फार उघड वाटणार, काहींना पुरेसा उघड नाही असे वाटणार. बापलेक आणि गाढव यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलीच आहे. (लॅम्बर्टचे पुढे काही बिघडले नाही. फ्रेडी मर्क्युरीच्या उरलेल्या साथीदारांबरोबर त्याची गाणी तोच म्हणू लागला. योगायोग मोठा विलक्षण!)

त्या गाढवाच्या गोष्टीचे नाव निघाले, म्हणून एका बडोदेकराची आठवण होते. भूपेन खख्खर १९६२ साली मुंबईहून येथे आले. शिक्षणाने सनदी हिशेबनीस, वृत्तीने चित्रकार. पुरुषांवरील आपले प्रेम त्यांनी कितीतरी वर्षे मनात ठेवले, आणि १९८१ साली, पंचेचाळिशी उलटल्यावर, एक चित्र काढले. गच्चीत एक नग्न पुरुष आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि खाली तीच बापलेकांची आणि गाढवाची गोष्ट चालू आहे. ‘सर्वांना खूष करता येत नाही’ अशा अर्थाचे त्याचे नाव. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी बनारसच्या पार्श्वभूमीवर दोन पुरुषांचे आलिंगन रंगविले. २००३ साली ते बडोद्यातच वारले. माझ्या मित्राला हे चित्रकार अतिशय प्रिय. गायक का चालत नाही, मग? मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “चित्र पाहावयास मी एकटा जातो. गाणे घरात येते.”

घरात येणाऱ्या गोष्टीची भीती कशी असते, हे आमच्या भागाने २००६ साली पाहिले. येथून फार लांब नसलेल्या राजपीपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांनी आपण समलिंगी असल्याचे वर्तमानपत्रातून जाहीर केले. बडोद्यात ‘लक्ष्य’ ही संस्था काढून २००० सालापासून ते या लोकांच्या आरोग्यासाठी काम करीतच होते. जाहीर होताच राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले, घराण्याने त्यांच्याशी संबंध तोडल्याचे प्रसिद्ध केले. पुतळा जळतो एकाचा, पण धग लागते ती आपापल्या घरात गप्प बसलेल्यांना. त्या सकाळी चहाच्या टेबलाशी वडिलांनी ती बातमी मोठ्याने वाचली असेल, तेव्हा किती मुलांनी मान खाली घालून बशीत पाहिले असेल! धीट माणसाचा ज्यांना अभिमान वाटावयास हवा, त्यांनाच अशा वेळी तो थोडा वेळ तरी गप्प राहिला असता तर बरे, असे वाटून जाते. याला मी भ्याडपणा म्हणणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. चहाच्या टेबलावर मात्र न्यायालयाचा अंमल चालत नाही.

माझे हे भाषणही, श्रोतेहो, तसेच न विचारता आपल्या घरात आलेले आहे. एखाद्या घरी कोणी या क्षणी पाणी आणावयास उठले असेल, तर त्यास माझे काही म्हणणे नाही.

मित्राची पुतणी आता महाविद्यालयात जाते. ट्रॉय सिवान नावाचा ऑस्ट्रेलियन गायक आहे. आपल्या गाण्यातला प्रियकर पुरुष असल्याचे तो लपवीत नाही. या मुलीला त्यात काही विशेष वाटत नाही. चाल आवडते म्हणून ती ऐकते. गेल्या महिन्यात तिने काकाच्या हातात आपल्या श्रवणयंत्राचे एक बोंड दिले आणि म्हणाली, “काका, ऐका तर.” त्याने ते एका कानात घातले, दुसरा कान दाराकडे ठेवला आणि पुरे गाणे ऐकले. मग मला दूरध्वनी केला. ताल फार यांत्रिक आहे म्हणे, गाणारा शब्द गिळतो, आणि अंतरा कोठे सुरू होतो तेच कळत नाही.